पिण्याच्या पाण्यातले औषधांचे अवशेष: आरोग्याचा धोका ठरवताना या चुका टाळा

प्रयोगशाळेच्या अहवालात ‘कार्बामाझेपिन (अपस्मारावरचं औषध) ०.०५ मायक्रोग्रॅम प्रति लिटर’ असं छापून येतं, तेव्हा तो आकडा ना धोका सांगतो, ना सुरक्षितता. त्या दिवशी त्या बाटलीत काय होतं, एवढंच त्यातून कळतं. त्यावरून माणसाच्या आरोग्याबद्दल काही म्हणायचं तर नमुना, मोजणी, रोज पोटात जाणारी मात्रा आणि तुलनेसाठीची सुरक्षित मात्रा या सगळ्या पायऱ्या नीट चढाव्या लागतात. चुका तिथेच होतात, आणि बहुतेक वेळा त्याच त्या होतात.

नमुना बाटलीतच बिघडतो

नळाच्या पाण्यात उरलेलं क्लोरीन बाटली बंद केल्यावरही काम करत राहतं. सल्फामेथॉक्साझोल हे प्रतिजैविक, पॅरासिटामॉल, इस्ट्रोजेन संप्रेरकं यांची क्लोरीनशी अभिक्रिया होते. नमुना प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत ती घटतात आणि अहवालात ‘आढळले नाही’ असं येतं. लोक पाणी स्वच्छ समजतात, प्रत्यक्षात पुरावा वाटेत नष्ट झालेला असतो. म्हणून क्लोरीन असलेल्या पाण्यासाठी बाटलीत आधीच सोडियम थायोसल्फेट (सुमारे ८० मिलिग्रॅम प्रति लिटर) किंवा ॲस्कॉर्बिक ॲसिड घातलेलं हवं. दोन्हींपैकी कोणतं, ते तपासणीच्या पद्धतीत दिलेलं असतं. मनाने बदलू नका. बाटली गडद तपकिरी काचेची, तापमान ६ अंश सेल्सियसखाली, आणि शक्य तर ४८ तासांत निष्कर्षण (पाण्यातून औषध वेगळं काढणं) सुरू. सात दिवसांपलीकडे ठेवलेल्या नमुन्यावर निष्कर्ष काढू नका.

याच्या उलटही घडतं. नमुना घेणाऱ्याने गुडघ्याला डायक्लोफेनॅकचं जेल लावलेलं असलं, हातात कॉफीचा कप असला, तर डायक्लोफेनॅक आणि कॅफिन नमुन्यात उतरतात. नॅनोग्रॅमच्या पातळीवर बोटाचा ओझरता स्पर्शही पुरतो. प्रत्येक फेरीत अतिशुद्ध पाण्याची एक कोरी बाटली बरोबर न्या, जागेवर उघडा, बाकीच्या बाटल्यांसारखीच हाताळा. कोऱ्या बाटलीत औषध निघालं तर त्या फेरीतले त्या औषधाचे कमी आकडे बाद धरावे लागतात. नुसती वजाबाकी करून ते वाचवता येत नाहीत.

मोजणीतही एक छुपा दोष असतो. द्रव क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमेट्री या मोजणीच्या तंत्रांत पाण्यातली इतर सेंद्रिय द्रव्यं औषधाचा सिग्नल दाबतात. निष्कर्षणाच्या आधीच त्या औषधाचं समस्थानिक-चिन्हांकित रूप (काही अणू जड समस्थानिकांनी बदललेलं) ठरावीक प्रमाणात नमुन्यात घातलं असेल तर हा दाब दुरुस्त होतो. अहवालात त्याचा उल्लेख नसेल तर विचारा. शुद्ध पाण्यात बसवलेली पद्धत नदीच्या पाण्यावर तशीच चालवली की आकडा बहुधा कमी येतो.

एकाच दिवसाच्या नमुन्यावर वर्षभराचा धोका ठरवणं हीसुद्धा नित्याची चूक आहे. नदीचा प्रवाह आटलेला असतो तेव्हा त्यात सांडपाण्याचा वाटा वाढतो, आणि मूल्यमापनाला तोच काळ हवा. फक्त पूर असताना घेतलेले नमुने दिलासा देतात, पण तो खोटा असतो.

‘आढळले नाही’ म्हणजे शून्य नव्हे

युरोपीय संघाने २०२२ च्या जानेवारीत पिण्याच्या पाण्यासाठी जी पहिली निरीक्षण यादी काढली, तिच्यात १७-बीटा-इस्ट्राडायॉल या इस्ट्रोजेनसाठी १ नॅनोग्रॅम प्रति लिटर हे मार्गदर्शक मूल्य आहे. एखाद्या प्रयोगशाळेची शोधमर्यादा (ज्याखाली द्रव्य दिसतच नाही ती पातळी) ५ नॅनोग्रॅम असेल तर तिथल्या ‘आढळले नाही’ला काही अर्थ उरत नाही. पाण्यात मूल्याच्या चौपट इस्ट्राडायॉल असलं तरी अहवाल तोच येईल.

म्हणून क्रम उलटा करा. आधी प्रत्येक औषधासाठी तुलनेचं मूल्य काढा, मग त्याच्या दहाव्या भागापर्यंत खात्रीने मोजू शकणारी प्रयोगशाळा शोधा. हाती आलेल्या आकड्यांत ‘आढळले नाही’ बरेच असतील तर हिशेब दोनदा करा: एकदा ते सगळे शून्य धरून, एकदा शोधमर्यादेइतके धरून. दोन्ही वेळा निष्कर्ष तोच निघाला तर पुढे जा. वेगळा निघाला तर मोजणी पुरेशी नाही, आणि अहवालात तसं स्पष्ट लिहा.

एककांची गल्लत मात्र सर्वांत महागात पडते. गोळी मिलिग्रॅममध्ये, सुरक्षित मात्रा मायक्रोग्रॅममध्ये, अहवाल नॅनोग्रॅममध्ये, आणि दर पायरीला हजारपटीचा फरक. हिशेबाला बसण्याआधी सगळं मायक्रोग्रॅममध्ये आणा.

तुलना कशाशी करायची

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१२ च्या अहवालात वापरलेली पद्धत साधी आहे. औषधाची किमान उपचारात्मक मात्रा घ्यायची, म्हणजे ज्या सर्वांत कमी रोजच्या डोसला औषध माणसावर काम करतं तो डोस, आणि तिला १००० ने भागायचं. हे हजार हवेतून आलेले नाहीत. माणसामाणसांतल्या फरकासाठी १०, बाळं आणि इतर संवेदनशील गटांसाठी १०, आणि किमान मात्रेलाही शरीरावर परिणाम होतोच, ती ‘परिणामशून्य’ मात्रा नव्हे, म्हणून आणखी १०.

इथे पहिली घसरण होते ती किमान मात्रेच्या जागी ‘डीडीडी’ घालण्याची. डीडीडी म्हणजे मुख्य आजारासाठी प्रौढांना दिली जाणारी सरासरी देखभाल मात्रा. तो आकडा औषधांचा खप मोजण्यासाठी ठरवलेला आहे. तो सहज मिळतो म्हणून वापरला जातो, आणि सुरक्षित मूल्य उगाच फुगतं.

एक हिशेब करून पाहू. समजा एखाद्या औषधाची किमान मात्रा दिवसाला १०० मिलिग्रॅम आहे. हजाराने भागलं की १०० मायक्रोग्रॅम, ही रोजची सुरक्षित मात्रा. ६० किलोचा प्रौढ दिवसाला २ लिटर पाणी पितो असं धरलं, आणि सुरक्षित मात्रेचा फक्त २० टक्के वाटा पाण्याला दिला (बाकी अन्न आणि इतर मार्गांसाठी), तर मूल्य येतं १०० × ०.२ ÷ २ = १० मायक्रोग्रॅम प्रति लिटर. पाण्यात ०.०५ सापडलं असेल तर ते या मूल्याच्या २०० पट खाली आहे.

बहुतेक जण इथेच थांबतात, आणि ते चुकतं. दुधाची पावडर पाण्यात कालवून पिणारं ५ किलोचं बाळ दिवसाला ०.७५ लिटर घेतं. म्हणजे दर किलो वजनामागे ०.१५ लिटर, प्रौढात हेच प्रमाण ०.०३३ आहे. बाळासाठी तोच हिशेब केला तर मूल्य १० वरून सुमारे २.२ वर येतं आणि अंतर २०० पटींवरून ४४ पटींवर. या उदाहरणात निष्कर्ष बदलत नाही, पण ज्या औषधात प्रौढांसाठी अंतर चारपटीपेक्षा कमी असतं तिथे बाळाचा हिशेब मर्यादा ओलांडतो. दोन्ही आकडे अहवालात शेजारी शेजारी छापा.

सगळ्या औषधांना एकच माप

पेशी मारणारी कर्करोगाची औषधं आणि स्टेरॉइड संप्रेरकं यांना हजाराचा भागाकार पुरत नाही. ऑस्ट्रेलियाच्या पुनर्वापरित पाण्याच्या मार्गदर्शिकेत त्यांच्यासाठी आणखी १० चा घटक लावला आहे. डीएनएला इजा करणाऱ्या द्रव्यांसाठी वेगळी वाट आहे: दिवसाला ०.१५ मायक्रोग्रॅम ही माणशी मर्यादा धरायची. दोन लिटरवर पसरली तर ती ७५ नॅनोग्रॅम प्रति लिटर होते, आणि २० टक्क्यांचा वाटा लावला तर अवघे १५. विषारीपणाची माहिती नसलेल्या द्रव्यांसाठी अशा सर्वसाधारण मर्यादा उपयोगी पडतात, पण त्या स्टेरॉइडना, शरीरात साठणाऱ्या द्रव्यांना आणि नायट्रोसो संयुगांना लागू नाहीत. तरीही गर्भनिरोधक गोळ्यांतल्या इथिनाइलइस्ट्राडायॉल या स्टेरॉइडला त्या लावलेल्या दिसतात. असा हिशेब मुळातच बाद आहे.

प्रतिजैविकांचं प्रकरण आणखी वेगळं. त्यांच्यात किमान तीन प्रश्न असतात: माणसावर थेट विषारी परिणाम, आतड्यातल्या जिवाणूंवर परिणाम, आणि पाण्यात व सांडपाण्यात प्रतिरोधक जिवाणूंची निवड. तिन्हींची मूल्यं वेगळी येतात. सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकासाठी प्रतिरोधाच्या निवडीची अंदाजित सुरक्षित पातळी ०.०६४ मायक्रोग्रॅम प्रति लिटर आहे, जी उपचाराच्या मात्रेवरून काढलेल्या मूल्यापेक्षा कितीतरी खाली आहे. ‘माणसाला डोसच्या तुलनेत नगण्य’ हे वाक्य खरं असूनही या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देत नाही.

एका गोळीसाठी हजारो वर्षं

१०० मिलिग्रॅमची एक गोळी पोटात जायला असं पाणी २७०० वर्षं प्यावं लागेल, असं सांगितलं जातं. वरच्या उदाहरणातल्या आकड्यांवर गणित बरोबर आहे: रोज ०.१ मायक्रोग्रॅम, म्हणजे दहा लाख दिवस. लोकांची घबराट कमी करायला हे उदाहरण ठीक, पण मूल्यमापन म्हणून ते चालत नाही. गोळी रुग्ण घेतो, फायद्यासाठी घेतो, डॉक्टरच्या नजरेखाली घेतो. पाणी गरोदर बाई पिते, बाळ पितं, ते औषध ज्याला वर्ज्य आहे तोही पितो, आणि जन्मभर पितो. तुलना रोजच्या मात्रेची रोजच्या सुरक्षित मात्रेशीच करायला हवी.

माशांवरचे निष्कर्ष उचलून माणसावर लावणं हे दुसरं टोक. कॅनडातल्या ऑन्टारियोमधल्या एका प्रायोगिक तलावात ५ ते ६ नॅनोग्रॅम प्रति लिटर इथिनाइलइस्ट्राडायॉल सोडल्यावर फॅटहेड मिनो माशांची संख्या कोसळली; हा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. मासा त्या पाण्यात चोवीस तास राहतो आणि कल्ल्यांवाटे द्रव्य घेतो, माणूस दोन लिटर पितो. हा निष्कर्ष नदी वाचवण्यासाठी पुरेसा गंभीर आहे आणि तो पर्यावरणाच्या प्रकरणात ठळकपणे यायला हवा. मानवी आरोग्याच्या तक्त्यात मात्र तो घालू नका.

मूळ औषधच शोधत बसणं

शुद्धीकरणानंतर औषध दिसेनासं झालं म्हणजे ते संपलं असं नाही. पॅरासिटामॉलवर क्लोरीनची क्रिया होऊन बेंझोक्विनोन आणि एनएपीक्यूआय ही दोन विषारी द्रव्यं तयार होऊ शकतात. रॅनिटिडिन हे आम्लपित्ताचं औषध क्लोरामाइनशी (क्लोरीन आणि अमोनियापासून बनणाऱ्या जंतुनाशकाशी) मिळून एनडीएमए हे कर्करोगाचा संशय असलेलं नायट्रोसो संयुग देतं. एनडीएमएसाठी जागतिक आरोग्य संघटनेचं मूल्य १०० नॅनोग्रॅम प्रति लिटर आहे, म्हणजे मूळ औषधापेक्षा कित्येक पट कडक. मधुमेहावरचं मेटफॉर्मिन सांडपाण्यात ग्वानिलयुरिया या दुसऱ्या द्रव्यात बदलतं. मोजायच्या यादीत ही द्रव्यं नसतील तर ‘९५ टक्के निर्मूलन’ या आकड्यावर विसंबू नका.

मिश्रणाचंही तसंच. एकेक औषध मर्यादेत असलं तरी एकाच पद्धतीने काम करणाऱ्यांची बेरीज हवी. प्रत्येकाचं मोजलेलं प्रमाण त्याच्या सुरक्षित मूल्याने भागा आणि सगळ्या भागाकारांची बेरीज करा. इस्ट्रोन, इस्ट्राडायॉल, इथिनाइलइस्ट्राडायॉल एकत्र. अपस्माराची एकसारखी काम करणारी औषधं एकत्र. यादीतल्या सगळ्याच औषधांची सरसकट बेरीज पहिल्या चाळणीपुरती चालते, त्यापुढे नाही.

गृहीतक कुठे कोसळतं

शुद्ध केलेल्या पाण्यात औषधांचं प्रमाण साधारण ०.०५ मायक्रोग्रॅम प्रति लिटरच्या खाली असतं, हे बऱ्याच सर्वेक्षणांतून दिसलं आहे. पण ती सर्वेक्षणं घरगुती सांडपाणी मिसळणाऱ्या नद्यांची आहेत. औषधनिर्मितीच्या कारखान्यांच्या खालच्या प्रवाहात हे लागू होत नाही. हैदराबादजवळच्या पाटणचेरूमध्ये बऱ्याच कारखान्यांचं सांडपाणी घेणाऱ्या शुद्धीकरण केंद्राच्या बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन ३१ मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत सापडलं; हे २००७ मध्ये प्रसिद्ध झालं. हा नेहमीच्या पातळीच्या लाखो पट आकडा आहे. पाण्याच्या स्रोताच्या वरच्या प्रवाहात कारखाना, मोठं रुग्णालय किंवा पशुपालन आहे का, हे नकाशावर पाहिल्याशिवाय सर्वसाधारण आकडा उसना घेऊ नका.

गणित जुळत नसेल तर

सांडपाणी केंद्राच्या बाहेर पडणाऱ्या पाण्यात औषध आत येताना होतं त्यापेक्षा जास्त निघालं, तर प्रयोगशाळेवर संशय घेण्याआधी दोन गोष्टी तपासा. आत-बाहेरचे नमुने एकाच वेळी घेतले असतील तर ते वेगवेगळ्या पाण्याचे आहेत. केंद्रात पाणी जितके तास राहतं तितकं अंतर ठेवा आणि चोवीस तासांचे मिश्र नमुने घ्या. दुसरं, बरीच औषधं शरीरातून ग्लुकुरोनिक ॲसिडला (शरीरातच बनणाऱ्या एका आम्लाला) जोडून बाहेर पडतात आणि जिवाणू ती जोडणी तोडतात, म्हणून मूळ औषध पुन्हा दिसू लागतं.

औषधाच्या विक्रीवरून काढलेला पाण्यातल्या प्रमाणाचा अंदाज मोजणीपेक्षा बराच कमी येत असेल तर कारण बहुधा तेच असतं. लॅमोट्रिजिन हे अपस्माराचं औषध बहुतांश ग्लुकुरोनाइडच्या, म्हणजे त्या ॲसिडला जोडलेल्या रूपात उत्सर्जित होतं. फक्त न बदललेला भाग धरला तर अंदाज फारच खाली जातो. जोडलेला भागही मूळ औषधात मिळवा.

मोजलेलं प्रमाण आणि सुरक्षित मूल्य यांचा भागाकार १ च्या वर गेला तर तो आजाराचा अंदाज नसतो, पुढच्या तपासाची सूचना असते. आधी एकक आणि कोऱ्या बाटल्या पाहा, मग कोरड्या हंगामात पुन्हा नमुने घ्या, मग हजाराच्या ठोकळ भागाकाराऐवजी त्या औषधाची विषशास्त्रीय माहिती वापरून मूल्य नेमकं करा. तरीही वर राहिला तर स्रोतावर बंदोबस्त आणि केंद्रात सक्रिय कोळसा किंवा ओझोन यांचा विचार करा. कोळशाचा थर भरत आला की कमी चिकटणारी औषधं आधी निसटतात, म्हणून बदलण्याचा काळ ठरवताना सर्वांत लवकर निसटणारं औषध धरा. घरात पाणी उकळून ही औषधं जात नाहीत, पाणी आटल्याने उलट थोडी दाट होतात. आणि क्लोरीनमुळे उपउत्पादनं तयार होतात म्हणून निर्जंतुकीकरण कमी करू नका: जंतूंनी दूषित पाणी काही दिवसांत माणसाला आजारी पाडतं, तर इथे बोलतोय तो धोका जन्मभराच्या हिशेबातला आहे.