कंपनीतील नवोन्मेषाची घडी कशी बसवावी

कंपनीत नवकल्पनांची वानवा सहसा नसते. ग्राहकांच्या तक्रारी रोज ऐकणाऱ्या, यंत्रावर रोज काम करणाऱ्या आणि मालाचे हिशेब ठेवणाऱ्या माणसांकडे त्या भरपूर असतात. घोडे अडते ते पुढे. कल्पना कोणी ऐकायची, तिला पैसा कोणी द्यायचा आणि ती चालत नाही असे दिसल्यावर थांबवायची कोणी, हे बहुतेक ठिकाणी ठरलेलेच नसते. अशा स्थितीत सूचनापेटी लावली तर पहिल्या महिन्यात ती भरते, उत्तरे येत नाहीत हे लक्षात आले की रिकामी राहते, आणि पुन्हा कोणी विचारले तरी लोक गप्प बसतात.

म्हणून सुरुवात व्यवसायाच्या धोरणापासून करावी. संचालकांनी एकत्र बसून एक पान लिहावे: येत्या पाच वर्षांत उत्पन्न कोठून येणार, आजच्या नफ्याला कोठून धक्का बसू शकतो आणि कोणत्या क्षेत्रांत आपण जाणार नाही. तिसरे उत्तर लिहिणे सर्वांत अवघड जाते, पण आलेल्या कल्पना निवडताना तेच सर्वाधिक उपयोगी पडते. कॅमेऱ्याची फिल्म बनवणाऱ्या कोडॅक कंपनीत अभियंते स्टीव्हन सॅसन यांनी 1975 मध्येच डिजिटल कॅमेऱ्याचा नमुना तयार केला होता. कंपनीने पुढे डिजिटल कॅमेरे विकलेही (ही गोष्ट सांगताना हा भाग बहुधा गाळला जातो), परंतु नफ्याचा मुख्य आधार फिल्म हाच राहिला आणि जानेवारी 2012 मध्ये कंपनीला दिवाळखोरी संरक्षणासाठी अर्ज करावा लागला. त्याच फिल्मच्या धंद्यातील फुजीफिल्मने आपल्याला नेमके काय येते, हा प्रश्न स्वतःला विचारला आणि कोलॅजन हे प्रथिन व रसायने यांविषयीचे आपले ज्ञान सौंदर्यप्रसाधनांसारख्या अगदी वेगळ्या उत्पादनांकडे वळवले.

यानंतर पैशाची विभागणी करावी. सध्याच्या उत्पादनांतील सुधारणांना 70 टक्के, लगतच्या क्षेत्रांना 20 टक्के आणि अगदी नव्या प्रयोगांना 10 टक्के, असे एक प्रमाण पुष्कळदा सांगितले जाते. हे आकडे ब्रह्मवाक्य मानण्याचे कारण नाही. ज्या उद्योगात बदल वेगाने होतात तेथे शेवटचा वाटा मोठा लागेल. मात्र तो कितीही असला तरी वर्षाच्या मध्यात त्याला हात लावता येणार नाही, असे लेखी ठरवून ठेवावे. विक्री घसरली की पहिली कात्री याच रकमेला लागते, हा जवळपास सर्वत्र येणारा अनुभव आहे.

आता प्रत्यक्ष कल्पनेकडे येऊ. समजा, पंप बनवणाऱ्या एका कंपनीला पंपात संवेदक (सेन्सर) बसवून देखभालीची मासिक सेवा विकायची आहे. येथे पन्नास पानी अहवाल आणि पाच वर्षांच्या विक्रीचे तक्ते मागवू नयेत, कारण त्यातील प्रत्येक आकडा अंदाजच असणार. त्याऐवजी कल्पना कोणत्या गृहीतकांवर उभी आहे, ते लिहून काढावे: बिघाडाची पूर्वसूचना संवेदक खरोखर देऊ शकतो, ग्राहक त्यासाठी दरमहा पैसे मोजेल, आणि आपले सेवापथक वेळेत पोहोचू शकेल. यांपैकी जे खोटे ठरल्यास सगळेच कोसळेल, ते आधी तपासावे. बहुधा ते दुसरे असते. अभियंते मात्र पहिल्यापासून सुरुवात करतात, कारण ते काम त्यांच्या आवडीचे असते. दहा जुन्या ग्राहकांकडे जाऊन तीन महिन्यांच्या सशुल्क चाचणीसाठी सही मागावी. ‘कल्पना छान आहे’ हा अभिप्राय हिशेबात धरू नये. किती सह्या मिळाल्या म्हणजे पुढे जायचे आणि किती कमी पडल्या म्हणजे थांबायचे, हा आकडा चाचणीला निघण्यापूर्वीच कागदावर असावा.

चाचणीचा प्रश्नच चुकला तर चांगली कल्पनाही नापास होते. थ्रीएम या अमेरिकी कंपनीत स्पेन्सर सिल्व्हर यांनी 1968 मध्ये सहज निघणारा गोंद शोधला, 1974 मध्ये तेथीलच आर्ट फ्राय यांना पुस्तकात खुणेसाठी ठेवायच्या कागदाला तो लावण्याचा उपयोग सुचला, आणि तरीही 1977 च्या चाचणी विक्रीत तो माल फारसा खपला नाही. पुढच्या वर्षी अमेरिकेतील बोइसी शहरात नमुने फुकट वाटले, तेव्हा वापरून पाहिलेल्यांपैकी बहुतेकांनी तो विकत घेण्याची तयारी दाखवली, आणि 1980 मध्ये पोस्ट-इट या नावाने हे चिकटवून सहज काढता येणारे कागद अमेरिकेच्या बाजारात आले. कामाच्या वेळेपैकी 15 टक्के स्वतःच्या कल्पनांना देण्याची थ्रीएममधील मुभा प्रसिद्ध आहे, पण इतरांनी केवळ ती उचलून काही साधत नाही. एका फसलेल्या चाचणीनंतर दुसरी करू देणारा वरिष्ठही लागतो.

नव्या प्रकल्पाचे पथक लहान आणि रोजच्या कामापासून काहीसे वेगळे ठेवावे, परंतु तयार झालेली वस्तू ज्या विभागाला पुढे चालवायची आहे त्याच्या प्रमुखाला पहिल्या दिवसापासून त्यात बसवावे. झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात 1973 मध्ये आल्टो हा संगणक तयार झाला. चित्रमय पडदा आणि माउस असलेल्या त्या यंत्राला मूळ कंपनीत वाली मिळाला नाही. त्याच केंद्रातील लेझर प्रिंटरला मात्र मिळाला, कारण तो छायाप्रतीच्या धंद्याला जुळणारा होता.

प्रकल्प बंद करावा लागला तर ज्याने तो वेळेत बंद केला त्याला पुढचे चांगले काम द्यावे, नाहीतर मरणासन्न प्रकल्प वर्षानुवर्षे पोसले जातात. बंद करताना दोन पानी नोंद ठेवावी: खर्च किती झाला, कोणते गृहीतक खोटे ठरले आणि कोणती परिस्थिती बदलल्यास हा विषय पुन्हा काढावा. पुढील वर्षाचे अंदाजपत्रक ठरवण्याच्या बैठकीत नवे प्रस्ताव घेण्याआधी या जुन्या नोंदी वाचाव्यात, कारण आज अडलेली कल्पना संवेदकाची किंमत निम्म्यावर आली की फायद्याची ठरू शकते.