बीपी-शुगरवाल्यांसाठी स्वयंसेवक म्हणून काम करायचंय? मग हे आधी वाचा

पहिलं म्हणजे शिबिराचं खूळ डोक्यातून काढा. शेकडो लोकांची शुगर तपासली, फोटो काढले, संपलं. पण ज्याची शुगर वाढलेली निघाली तो पुढे दवाखान्यात गेला का, गोळ्या सुरू झाल्या का आणि चार महिन्यांनी चालू आहेत का, हे बघायला कोणी नसतं. खरं काम तिथंच आहे आणि ते एकेका घरी जाऊनच होतं, म्हणून सुरुवातीला दहा-पंधरा घरंच घ्या, झेपतील तेवढीच.

बीपी मोजायला शिका, पण नीट शिका. माणूस जिना चढून आला की लगेच पट्टा गुंडाळायचा नाही. पाच मिनिटं शांत बसवा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर सपाट (मांडीवर मांडी नको), हात छातीच्या लेव्हलला टेकवून ठेवलेला. अर्धा तास आधी चहा, कॉफी, सिगारेट नको, लघवी लागली असेल तर आधी जाऊन येऊ दे, आणि मोजताना गप्पा बंद, तुमच्यासुद्धा! जाड दंडाला छोटा पट्टा लावला तर बीपी उगाच जास्त दिसतं. एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे तारखेसकट वहीत लिहा. वेगवेगळ्या दिवशी 140/90 किंवा वर येत असेल तर डॉक्टरकडे पाठवा. एका रीडिंगवरून कोणाला घाबरवू नका.

आता गोळ्या. "गोळ्या घेता ना?" असं विचारलं की सगळे हो म्हणतात. त्यापेक्षा "गेल्या आठवड्यात किती वेळा राहून गेली?" असं सहज विचारा, जमल्यास पाकीट बघा, उरलेल्या गोळ्या खोटं बोलत नाहीत. डब्ल्यूएचओच्या 2003 च्या रिपोर्टमध्ये विकसित देशांतसुद्धा जुनाट आजारांची औषधं नीट घेणारे सरासरी 50 टक्केच आहेत असं म्हटलंय, म्हणजे समोरचा काही जगावेगळा नाही, त्याला ओरडू नका. कारण शोधा. कोणाला परवडत नाही, कोणाला गोळीने चक्कर येते, कोणी विसरतं, आणि बरेच जण बरं वाटायला लागलं म्हणून बंद करतात (बीपी तर बहुतेक वेळा जाणवतच नाही, तिथंच फसगत होते). विसरणाऱ्याला दात घासण्याच्या वेळेशी गोळी जोडून द्या, बाकीच्यांची अडचण चिठ्ठीवर लिहून डॉक्टरपर्यंत पोचवा. डोस कमी-जास्त करायचा सल्ला स्वतःहून अजिबात द्यायचा नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी.

शुगरवाल्यांचे पाय बघायला लाजू नका. नसांवर परिणाम झाला की पाय बधिर होतो, जखम कळतच नाही. तळवा, टाच, बोटांच्या बेचक्या बघा, जखम किंवा काळपट डाग दिसला की त्याच दिवशी दवाखाना. अनवाणी चालू नका एवढं तरी पुन्हा पुन्हा सांगा.

काही गोष्टींत मात्र वाट बघायची नाही. शुगरवाल्याला अचानक घाम, थरथर, बरळणं सुरू झालं तर शुगर उतरली असू शकते. 70 च्या खाली असेल आणि शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या, 15 मिनिटांनी परत तपासा. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट अँब्युलन्स. तोंड वाकडं झालं, एक हात उचलेना, बोलणं अडखळलं, छातीत दुखतंय, किंवा 180/120 च्या वर बीपी आणि सोबत असा त्रास, तरी तेच. लकव्यात हे कधी सुरू झालं ती वेळ लिहून ठेवा, हॉस्पिटलमध्ये पहिल्यांदा तेच विचारतात.

आणि प्लीज कोणाचं रीडिंग व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका, अगदी कौतुक म्हणूनसुद्धा. एकदा बोभाटा झाला की पुढच्या वेळी दार उघडत नाहीत लोक. वही तुमच्याकडेच राहू दे, आणि तुम्ही बाहेरगावी जाणार असाल तर त्या घरांना विचारूनच दुसऱ्या स्वयंसेवकाकडे द्या.