वृद्धाश्रम निवडताना आणि निवडल्यानंतर काय पाहावे

आई-वडिलांसाठी वृद्धाश्रम पाहायला जाणारी मंडळी बहुधा सकाळी अकराच्या सुमारास जातात, कार्यालयात बसून दरमहा खर्च आणि अनामत रक्कम विचारतात, बाग व देवघर पाहतात आणि परततात. त्या वेळी आंघोळी उरकलेल्या असतात, खोल्या आवरलेल्या असतात आणि कर्मचारीही पुरेसे असतात. त्यामुळे अशा भेटीत वास्तू चांगली समजते, पण तेथील सांभाळाविषयी फारसे काही हाती लागत नाही. पुढील सूचना मुख्यतः उठायला, जेवायला किंवा शौचाला दुसऱ्याची मदत लागणाऱ्या ज्येष्ठांच्या कुटुंबीयांसाठी आहेत, कारण हयगयीची सर्वांत मोठी किंमत त्यांनाच मोजावी लागते.

पहिली भेट कळवून घ्यावी, दुसरी न कळवता घ्यावी, आणि ती शक्यतो संध्याकाळी, दिवसपाळी संपून रात्रपाळी सुरू होत असताना घ्यावी. मजल्यावर रात्री किती जण जागे असतात, हा प्रश्न व्यवस्थापकांना विचारावाच, पण रात्रपाळीच्या मावशींनाही विचारावा. दोन्ही उत्तरे जुळली नाहीत तर मावशींचे उत्तर खरे धरावे, असे माझे स्पष्ट मत आहे. रात्री दोन वाजता एखाद्या आजोबांच्या छातीत कळ आली तर १०८ क्रमांकावर फोन कोण करणार, कोणत्या रुग्णालयात नेणार, सोबत कोण जाणार आणि ती व्यक्ती गेल्यावर मजल्यावर मागे कोण राहणार, हे नावानिशी सांगता आले पाहिजे. संध्याकाळी साडेसहालाच बहुतेक आजी-आजोबा गाढ झोपलेले दिसले, तर झोपेची औषधे कोणाला, कोणाच्या सल्ल्याने आणि किती दिवसांपासून दिली जात आहेत, हे विचारण्यास संकोच करू नये. अशा औषधांमुळे तोल जातो आणि पडण्याचा धोका वाढतो.

पडण्याचा धोका विशेषतः खाटेपासून संडासापर्यंतच्या वाटेवर, रात्रीच्या घाईत असतो. म्हणून ती वाट स्वतः चालून पाहावी. रात्रीचा मंद दिवा आहे का, उंबरठा किंवा सरकणारे पायपुसणे मध्ये येते का, कमोडशेजारी भिंतीत घट्ट बसवलेला दांडा आहे का आणि तो शरीराचा भार घालून ओढला तरी हलत नाही ना, हे हाताने तपासावे. संडासाचे दार बाहेरच्या बाजूला उघडणारे आणि कडी बाहेरूनही काढता येणारी असावी, कारण माणूस आत दारालगत पडला तर आत उघडणारे दार ढकलता येत नाही. महारेराने, म्हणजे महाराष्ट्रातील गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या नियामक प्राधिकरणाने, २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी आदर्श मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. चाकाची खुर्ची जाण्यासाठी दारे किमान ९०० मिलिमीटर रुंद असावीत, असे त्यांत म्हटले आहे. ती वृद्धाश्रमांसाठी लिहिलेली नसली तरी खिशात मोजपट्टी घेऊन जाण्यास तेवढे कारण पुरेसे आहे. खाटेवर बसल्यावर तळपाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत. खाटेला कठडे लावले की प्रश्न सुटला, असे समजू नये; भ्रमावस्थेतील व्यक्ती कठडा ओलांडू पाहते आणि मग अधिक उंचीवरून पडते. हात-पाय बांधून ठेवण्याची वेळ येते का, आणि आल्यास डॉक्टरांचा लेखी आदेश घेऊन कुटुंबाला कळवले जाते का, हेही थेट विचारावे.

औषधांच्या बाबतीत वही पाहण्याचा आग्रह धरावा. प्रत्येक गोळीपुढे दिल्याची वेळ आणि देणाऱ्याची सही हवी. दुपारी तीन वाजता वही उघडल्यावर रात्रीच्या गोळीपुढेही सही झालेली दिसली, तर ती वही केवळ दाखवण्यासाठी आहे, हे ओळखावे. आपल्याकडे एकच औषध अनेक कंपन्यांच्या नावांनी मिळते आणि रुग्णालयातून परतताना नवीन नावाची पट्टी हातात येते. जुनी पट्टी डब्यातून काढली नाही तर रक्तदाबाची किंवा मधुमेहाची तीच गोळी दोनदा पोटात जाते. म्हणून रुग्णालयातून परतल्याच्या दिवशीच जुन्या चिठ्ठ्या रद्द करून एकच नवीन यादी डॉक्टरांच्या सहीने लावून घ्यावी. इन्सुलिन टोचले आणि जेवण लांबले तर साखर धोकादायकरीत्या उतरते. घाम सुटणे, थरथर आणि असंबद्ध बोलणे ही त्याची लक्षणे तेथील मावशींना ठाऊक आहेत का, ते त्यांच्याशी बोलूनच समजेल. गिळता येत नाही म्हणून सरसकट गोळ्या कुटून देणेही धोक्याचे आहे, कारण हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेली गोळी कुटली की तिचे सगळे औषध एकदम रक्तात उतरते.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची पाठ, माकडहाड, खुबे आणि टाचा प्रत्येक भेटीत पाहाव्यात. चादर सारून टाच हातात घ्यावी. लालसर डाग दिसल्यास त्यावर बोट काही सेकंद दाबून सोडावे. दाबल्यावर डाग फिका पडला नाही, तर शय्याव्रणाची, म्हणजे सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची, ती सुरुवात आहे. सावळ्या त्वचेवर लाली चटकन दिसत नाही, म्हणून आजूबाजूच्या त्वचेपेक्षा तो भाग गरम, कडक किंवा मऊ लागतो का, हे बोटांनी चाचपावे. स्वतः हलू न शकणाऱ्यांची कूस साधारणपणे दर दोन तासांनी बदलावी लागते आणि त्याची नोंद असावी लागते. हवेची गादी उपयुक्त असली तरी कूस बदलण्याचे काम ती करत नाही, आणि ओला डायपर तसाच राहिला तर कोणतीही गादी पुरी पडत नाही.

जेवणाची चव पाहणे ठीक आहे, पण भरवताना पाहणे अधिक महत्त्वाचे आहे. पक्षाघात किंवा पार्किन्सनच्या रुग्णाला ताठ बसवून, छोटे घास देऊन, आधीचा घास गिळल्याची खात्री करून भरवावे आणि नंतर अर्धा तास तरी आडवे करू नये. पाणी पिताना वारंवार ठसका लागत असेल तर अन्न-पाणी श्वासमार्गात जात असल्याची शक्यता असते. महिन्याला वजन करून लिहिले जाते का, ते विचारावे. पन्नास किलो वजनाच्या आजींचे वजन एका महिन्यात अडीच किलोंनी घटले, तर ती डॉक्टरांना दाखवण्याची बाब आहे. उतारवयात तहान कमी लागते, त्यामुळे विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात मागितल्यावर पाणी देणे पुरेसे नसते, ते आपणहून पाजावे लागते. कालपर्यंत नीट बोलणारी व्यक्ती आज अचानक बरळू लागली तर ‘वय झाले’ असे म्हणून सोडून देऊ नये. मूत्रमार्गाचा संसर्ग, शरीरातील पाणी कमी होणे किंवा नवे औषध यांपैकी एखादे उपचार करता येण्याजोगे कारण त्यामागे असू शकते.

कागदपत्रांत दोन गोष्टी निक्षून पाहाव्यात. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार वर्षातून दोनदा, जानेवारी व जुलैमध्ये, द्यावयाचे अग्निशमन यंत्रणेचे प्रमाणपत्र इमारतीसाठी आहे का, ही पहिली. प्रकृती ढासळल्यास किंवा स्मृतिभ्रंश झाल्यास संस्था सांभाळणार की घरी न्यायला सांगणार, आणि अनामत किती दिवसांत परत करणार, हे करारात स्पष्ट लिहिले आहे का, ही दुसरी.

प्रवेशानंतर वेगवेगळ्या वेळी जात राहावे. चष्मा, कवळी आणि श्रवणयंत्रावर नाव घालावे, कारण ती हरवली की चांगला बोलका माणूस गप्प होतो आणि तो खचला असा सर्वांचा समज होतो. काही खटकले तर मावशींवर आवाज चढवू नये. रात्री आपल्या आईजवळ त्याच असतात आणि अनेकदा एकट्या मावशींवर झेपणार नाही इतक्या जणांचा भार असतो. तक्रार व्यवस्थापकांकडे लेखी, तारीख घालून करावी आणि पोच घ्यावी. अंगावर वळ किंवा जखम दिसल्यास तारखेसह छायाचित्र काढून बाहेरच्या डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. दाद लागली नाही तर समाजकल्याण विभागाच्या जिल्हा कार्यालयाकडे जावे, आणि मारहाणीचा संशय असेल तर थेट पोलिसांकडे. ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या राष्ट्रीय मदतवाहिनीवर स्वतः आजी-आजोबाही फोन करू शकतात, म्हणून तो क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून त्यांच्या उशाशी ठेवावा.

मुले परदेशात असतील तर जवळ राहणाऱ्या एका नातेवाइकाचे नाव संस्थेच्या अर्जात लेखी अधिकारासह नोंदवावे, म्हणजे वही पाहणे, डॉक्टरांशी बोलणे आणि रुग्णालयात संमती देणे यासाठी कोणाची अडवणूक होणार नाही. व्हिडिओ कॉलवर टाचा दिसत नाहीत. त्या पाहण्याचे काम त्या नातेवाइकाला आधीच स्पष्ट शब्दांत सांगून ठेवावे.