विमानाचं इंजिन ऑइल: फुल भरायचा सोस सोडा

"फुल करून टाकू का, भाऊ?" धुळ्यापासून जळगावपर्यंत कुठल्याही धावपट्टीवर जा, शिकाऊ पायलट हातात डबा घेऊन हेच विचारतो. नको करू. ट्रेनिंगला वापरतात त्या छोट्या सेसना १७२-एस विमानाच्या इंजिनात ८ क्वार्ट ऑइल मावतं, एक क्वार्ट म्हणजे लिटरला जरा कमी. ५ च्या खाली उडायचं नाही आणि लांबच्या उड्डाणाला ८ भरायचं, असं मॅन्युअल सांगतं. तासाभराच्या सर्किटला, म्हणजे धावपट्टीभोवतीच्या फेऱ्यांना, मात्र वरचं ऑइल टिकत नाही. आत फिरणाऱ्या भागांनी घुसळून निघतं आणि ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या, नळीतून बाहेर पडून विमानाच्या पोटाला लागतं.

एका ट्रेनिंगच्या विमानाचं पोट असंच कायम काळंकुट्ट. सगळ्यांचं एकमत, गळती आहे. रॉकर कव्हरची गॅस्केटं बदलली, पुशरॉड ट्यूबची सीलं बदलली, क्रँकशाफ्टच्या पुढच्या सीललाही हात घालायला निघाले होते. मी ऑइलच्या नोंदींची वही मागितली. पानभर नुसतं 'एक घातलं, एक घातलं'. घालण्याआधी पातळी किती होती, याचा पत्ता नाही! पोट पुसून घेतलं आणि साडेसहाच्या वर थेंब घालायचा नाही, असं बजावलं. आधी तीन-चार तासांत क्वार्ट संपायचं, मग तेच आठ-दहा तास पुरायला लागलं. गॅस्केटांचा खर्च पाण्यात.

म्हणून माझं एकच म्हणणं: आधी पातळी लिहा, मग डब्याला हात लावा. प्रत्येक इंजिनाची ऑइल खायची एक सवय असते. ती अचानक बदलली की काउलिंग, म्हणजे इंजिनावरचं आवरण, उघडायचं, तोवर नाही.

दुसरी घाई म्हणजे इंजिन बंद केल्या केल्या डिपस्टिक, म्हणजे पातळी मोजायची काठी, ओढणं. ऑइल अजून वरून संपमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या टाकीत, उतरायचंय, काठी कमीच दाखवणार. मग लगेच अर्धा डबा आत. दहा-पंधरा मिनिटं थांबा की! मी सकाळी, पहिल्या उड्डाणाआधी, रोज त्याच सपाट जागी बघतो. मे महिन्यात उन्हं चढायच्या आत हे उरकलेलं बरं.

गरम इंजिनावर डिपस्टिकची टोपी ताकद लावून आवळू नका, पुढच्याला ती हलत नाही. हाताने बसेल एवढीच पुरे.

गाडीचं ऑइल? अजिबात नाही. त्यातल्या धातूंच्या रसायनांची राख सिलिंडरमध्ये साचते.

ऑइल ५० तासांनी किंवा ४ महिन्यांनी, जे आधी येईल तेव्हा बदला. फिल्टर कापून धातूचे कण बघा. न कापता फेकणाऱ्याचा मला राग येतो. नवं ऑइल भरण्याआधी क्विक ड्रेन, म्हणजे ऑइल काढायचा तळाचा नळ, बंद आहे ना, ते बोट लावून तपासा.

स्टार्टनंतर ३० सेकंदांत ऑइलचा दाब आला नाही तर इंजिन बंद. आणि हवेत दाब पडतोय, तापमान चढतंय असं दिसलं तर मीटरवर टिचक्या मारत बसू नका. धुळे, शिरपूर, जळगाव यांतली जी धावपट्टी जवळ असेल ती धरा, आपल्या बेसवरच, म्हणजे निघालो तिथेच, उतरायचा हट्ट नको.