टेकऑफच्या आधी स्वतःचाही वॉक-अराउंड करा

फ्लाइंग शिकणारी पोरं उन्हाळ्यात सोलापूरला घरी आली की माझ्याकडे चक्कर टाकतात. माझा पहिला प्रश्न ठरलेला: रात्री झोप किती होते? विमानाभोवती फिरून सगळे नीट तपासतात, स्वतःला कुणी तपासत नाही.

ताप, जुलाब, सर्दी असेल तर त्या दिवशी उडायचं नाही. "मॅडम, गोळी घेतलीय, आता बरंय," हे तर मला मुळीच चालत नाही. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत क्लोरफेनिरामिन असतं, त्यानं झापड येते आणि घेणाऱ्याला ती जाणवेलच असं नाही. दारूसाठी डीजीसीएचा, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, नियम उडण्याआधीच्या १२ तासांचा, पण ब्रेथ अ‍ॅनलायझरवर शून्यच यायला हवं. घरी काही बिनसलं असेल तर इन्स्ट्रक्टरला स्पष्ट सांगा. वैमानिकाची मेडिकल तपासणी झालीय म्हणून आज फिट आहात असं होत नाही. उपाशी जाऊ नका. भाकरी-शेंगाचटणी खा, भरपूर पाणी प्या.

मग ऊन. होटगी रोडचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १,५८० फुटांवर आहे. एवढ्या उंचीचं प्रमाण तापमान, म्हणजे विमानाच्या हिशेबात धरलेलं ठरावीक तापमान, १२ अंश. मे महिन्यात दुपारी ४२ असेल तर फरक ३० अंशांचा. गरम हवा विरळ होते, म्हणून अंशामागे १२० फूट धरले की ३,६०० झाले. त्यात मूळचे १,५८० मिळवा, म्हणजे विमानाला हवा जवळपास ५,२०० फुटांवरची वाटते. इंजिनाचा जोर कमी, धाव लांब, चढ मंद. मॅन्युअलमधला तक्ता त्याच तापमानानं वाचा, आणि जमेल तितकं सकाळी उडा. अर्धी धावपट्टी संपली तरी उचलण्याच्या वेगाच्या ७० टक्के वेग आला नाही, तर थ्रॉटल (इंजिनाचा जोर कमी-जास्त करायचा दांडा) मागे आणि ब्रेक.

टाकीखालून काढलेलं पेट्रोल उजेडात धरून बघा. १००एलएल, म्हणजे छोट्या विमानांचं पेट्रोल, निळसर दिसतं. पाणी असेल तर तळाशी बिनरंगी थर बसतो. पेला सगळाच बिनरंगी दिसला तर वास घ्या, ते नुसतं पाणीही असू शकतं.

उचलल्यावर लगेच इंजिन गेलं तर नाक खाली, वेग सांभाळा आणि समोरच, थोडं डावी-उजवीकडे, मोकळी जागा बघून उतरा. धावपट्टीकडे परत वळायचा मोह जीव घेतो: ४५ अंश कलून उंची राखायला गेलात तर स्टॉलचा वेग (ज्याच्या खाली पंख विमान पेलू शकत नाहीत) सुमारे १९ टक्क्यांनी वाढतो, आणि विमान सावरायला उंचीच उरत नाही. झोप न झालेला हात अशा वेळी नाक वर ओढतो. म्हणून धावपट्टीवर उभं असतानाच मोठ्यानं म्हणा, "इंजिन गेलं तर नाक खाली, समोर." मग थ्रॉटल पुढे.