सीमेपलीकडच्या मेट्रोवर जाताय? आधी लेव्हलचा शून्य विचारा

ठाणे-नवी मुंबईत मेट्रोच्या साइटवर वर्ष-दोन वर्षं काढली की सिंगापूर आणि मलेशियातलं जोहोर बाहरू जोडणाऱ्या आरटीएस लिंक या मेट्रोसारख्या कामाची ओढ लागते, आणि लागावीच. वुडलँड्स नॉर्थ ते बुकित चागर जेमतेम 4 किलोमीटर, पण मधे सामुद्रधुनी आणि दोन देश. पाइल, पिअर, गर्डर लाँचिंग तुम्हाला येतंच. नवखी माणसं अडकतात ती इंटरफेसला, म्हणजे दोन बाजूंची कामं जिथे जुळतात तिथे, त्यातही लेव्हलला, म्हणजे उंचीच्या मापाला.

उंची जिथून मोजतात तो शून्य, म्हणजे डेटम, दोन देशांचा एकच असेल असं कधीही धरू नका. जर्मनी आणि स्वित्झर्लंड यांच्यामधल्या ऱ्हाइन नदीवरच्या लाउफेनबुर्ग पुलाचं घ्या. जर्मनीची उंची उत्तर समुद्रावरून, स्वित्झर्लंडची भूमध्य समुद्रावरून. मधला 27 सेंटिमीटरचा फरक आधीपासून माहीत होता. तो भरून काढताना अधिक-उणे उलटं झालं आणि तफावत 54 सेंटिमीटर झाली. म्हणून तक्त्यात नुसतं ‘फरक 0.27’ लिहू नका. एकाच बेंचमार्कची (उंची ठरलेल्या पक्क्या खुणेची) लेव्हल दोन्ही पद्धतींत शेजारीशेजारी लिहा आणि उलटं गणित दुसऱ्याकडून करून घ्या. प्रत्येक ड्रॉइंगवर डेटमचं नाव हवंच. नसेल तर ड्रॉइंग परत पाठवा, वरिष्ठ चिडले तरी.

हा गोंधळ ठाण्याच्या खाडीतही होऊ शकतो. बंदराच्या नकाशातली खोली चार्ट डेटमवरून, म्हणजे ओहोटीच्या खालच्या पातळीवरून असते, आपली ड्रॉइंग सरासरी समुद्रसपाटीवरून. मुंबई बंदरात दोन्हींत सुमारे अडीच मीटरचं अंतर आहे. पाइल कॅपचा (पाइलच्या डोक्यावरच्या काँक्रीटच्या ठोकळ्याचा) तळ ठरवताना हे विसरलात तर काम भरतीच्या पाण्यात गेलंच म्हणून समजा.

पाण्यापलीकडे लेव्हल नेताना एका काठावरून वाचून मोकळं होऊ नका. 1 किलोमीटर अंतरावर पृथ्वीची वक्रता आणि हवेतलं अपवर्तन (प्रकाशकिरण वाकणं) मिळून जवळपास 6.7 सेंटिमीटरची चूक येते. दोन्ही काठांवरून एकाच वेळी रीडिंग घ्या, यंत्रं अदलाबदल करून पुन्हा घ्या, मग सरासरी काढा. जीएनएसएसची (जीपीएससारख्या उपग्रहांवरून मिळालेली) उंची जिऑइडची, म्हणजे समुद्रसपाटीशी जुळणाऱ्या पृष्ठभागाची, दुरुस्ती केल्याशिवाय वापरू नका.

घाबरू मात्र नका, महिनाभरात हात बसतो. सॉफ्टवेअरच्या प्रमाणपत्रांपेक्षा जुन्या सर्व्हेअरच्या मागे लेव्हल बुक घेऊन फिरणं कितीतरी उपयोगाचं, असं माझं ठाम मत आहे.

विजेचं थोडक्यात: डेन्मार्क आणि स्वीडन जोडणाऱ्या ओरेसुंड पुलावर डेन्मार्कची 25 केव्ही आणि स्वीडनची 15 केव्ही अशा दोन्ही पद्धतींवर चालणाऱ्या गाड्या लागतात. आरटीएसला दोन्ही टोकांना एकच प्रणाली आहे, त्यामुळे तो प्रश्न नाही.

तिथे खरी जागा खातं ते इमिग्रेशन, कारण दोन्ही देशांची तपासणी गाडीत बसण्यापूर्वीच होते. क्षमता एका दिशेला तासाला 10,000 प्रवासी. माणशी 15 सेकंद धरले तर एका गेटमधून तासाला 240 माणसं जातात, म्हणजे एका देशाच्या तपासणीलाच 42 गेट. दोन देशांची 84, आणि त्यात बंद पडणारी धरलेली नाहीत. ही जागा स्टेशनच्या पहिल्या आराखड्यातच मागून घ्या. कॉलम ग्रिड (खांबांची मांडणी) ठरल्यावर कुणी देत नाही.