चार टॉवेल आणि चौकडीची वही: परसेप्ट्रॉन हातानं चालवून पाहा

परसेप्ट्रॉन (उदाहरणांवरून दोन गट वेगळे करायला शिकणारं साधं यंत्र) शिकायचा असेल तर पहिल्या दिवशी लॅपटॉप बंद ठेवा आणि चौकडीची वही घ्या. वर्गातल्या मुलांना हे सुरुवातीला पटत नाही. चार ओळींचा कोड लिहिला की उत्तर येतं, हे त्यांना ठाऊक असतं. पण ते उत्तर येणारच होतं, आणि किती चुकांच्या आत येणार हेही आधी सांगता आलं असतं, हे कोड चालवून कळत नाही. ते कळण्यासाठी आकडे आपल्या हाताखालून जावे लागतात.

मी सोलापुरात संध्याकाळच्या वर्गात इंजिनिअरिंगच्या मुलामुलींना गणित शिकवते. आमचा भाग अशोक चौकाकडचा, त्यामुळे अनेकांच्या घरी टॉवेल नाहीतर चादरीचं काम. उदाहरणही तिथलंच घेते.

टेरी टॉवेल तयार झाला की चेकिंगच्या टेबलावर येतो. ट्यूबलाइटखाली पसरायचा, तळहात या काठापासून त्या काठापर्यंत फिरवायचा. सुटलेला लूप हाताला लागतो, तुटलेला धागा डोळ्याला दिसतो. मग काट्यावर वजन. चांगला तो फ्रेश, खोट असलेला सेकंड. तपासणाऱ्या बाई शेजारणीशी गप्पा मारता मारता हा निवाडा करतात. तोच निवाडा यंत्रानं नुसत्या दोन आकड्यांवरून करायचा आहे: ठरलेल्या वजनापेक्षा टॉवेल किती जड किंवा हलका (दहा ग्रॅम म्हणजे एक), आणि खोटी किती.

चार टॉवेल घेऊ. आकडे मी हिशेबाला सोपे पडतील असे निवडलेत. अ: वजन २, खोट १, फ्रेश. ब: वजन ०, खोट ०, फ्रेश. क: वजन −१, खोट १, सेकंड. ड: वजन १, खोटी ३, सेकंड. आता प्रत्येकाच्या शेवटी एक जास्तीचा १ लावा. हा १ फुकटचा वाटतो, पण तो नसेल तर ब टॉवेलचे सगळे आकडे शून्य, आणि शून्याला कशानंही गुणलं तरी शून्यच. त्याच्याबद्दल यंत्र कधीच काही बोलू शकणार नाही. तर वहीत लिहा: अ (२, १, १), ब (०, ०, १), क (−१, १, १), ड (१, ३, १).

यंत्राकडे तीन गुणक असतात. सुरुवातीला (०, ०, ०). टॉवेल समोर आला की आकड्याला त्याच्या जागेच्या गुणकानं गुणायचं आणि तिन्ही गुणाकार मिळवायचे. बेरीज शून्याच्या वर गेली तर फ्रेश, खाली गेली तर सेकंड. बरोबर आलं तर काहीही करायचं नाही. चुकलं, किंवा बेरीज नेमकी शून्य आली, तर चूक धरायची आणि दुरुस्ती करायची: टॉवेल खरा फ्रेश असेल तर त्याचे आकडे गुणकांत मिळवा, खरा सेकंड असेल तर वजा करा. परसेप्ट्रॉनचा नियम एवढाच आहे.

चालवू. अ: बेरीज ०, चूक. मिळवा, गुणक (२, १, १). ब: बेरीज १, फ्रेश, बरोबर. क: −२ अधिक १ अधिक १ म्हणजे ०, चूक. वजा करा, गुणक (३, ०, ०). ड: बेरीज ३, यंत्र फ्रेश म्हणतंय आणि टॉवेलला तीन खोटी आहेत. वजा करा, गुणक (२, −३, −१).

दुसरी फेरी. अ: ४ − ३ − १ = ०. पहिल्याच टॉवेलला परत चूक! इथं मुलं पेन खाली ठेवतात. एकानं मला विचारलं होतं, “मॅडम, एकाला सुधारलं की दुसरा बिघडतो, मग हे संपणार कधी?” प्रश्न अगदी बरोबर जागी पडला होता, आणि त्याचं उत्तर पुढे येतंच आहे. आधी फेरी पुरी करा. अ मिळवा, गुणक (४, −२, ०). ब: ०, चूक, मिळवा, गुणक (४, −२, १). क: −५, बरोबर. ड: −१, बरोबर. तिसऱ्या फेरीत अ ७, ब १, क −५, ड −१. सगळे बरोबर. एकूण चुका पाच.

हा नियम फ्रँक रोझेनब्लाट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९५८ मध्ये मांडला. बफेलोच्या कॉर्नेल एरोनॉटिकल लॅबोरेटरीत त्याचं यंत्रही उभं राहिलं. त्याला डोळा म्हणून ४०० फोटोसेल होते, आणि गुणक म्हणजे मोटरनं फिरणाऱ्या खऱ्याखुऱ्या खुंट्या. आपण वहीत जी खाडाखोड केली, ती तिथं मोटर करायची.

आता “संपणार कधी” याचं उत्तर. अल्बर्ट नोविकॉफ यांनी १९६२ मध्ये दिलेली सिद्धता माझ्या मते या विषयातली सगळ्यात देखणी सिद्धता आहे, आणि ती समजायला दहावीचं गणित पुरतं. त्यासाठी चारही टॉवेल बरोबर ओळखणारे कुठले तरी गुणक असावे लागतात. आपल्याकडे आहेत: (१, −१, १). तपासून पाहा. अ २, ब १, क −१, ड −१. यांना आदर्श गुणक म्हणू. यंत्राला ते माहीत नाहीत, आपल्याला आहेत. प्रत्येक टॉवेल योग्य बाजूला निदान १ नं आहे, हे लक्षात ठेवा.

वहीत दोन नवे रकाने आखा. पहिल्या रकान्यात प्रत्येक चुकीनंतरचे गुणक आदर्श गुणकांशी जागेनुसार गुणून बेरीज लिहा. (२, १, १) ची २, (३, ०, ०) ची ३, मग ४, मग ६, मग ७. प्रत्येक चुकीला हा आकडा निदान १ नं वाढतोच. का? कारण दुरुस्ती म्हणजे टॉवेलचे आकडे मिळवणं किंवा वजा करणं, आणि आदर्श गुणकांच्या नजरेत तो टॉवेल योग्य बाजूला निदान १ नं आहेच. म्हणून चुका जितक्या, निदान तितका हा आकडा.

दुसऱ्या रकान्यात तिन्ही गुणकांच्या वर्गांची बेरीज लिहा, म्हणजे लांबीचा वर्ग. ६, ९, १४, २०, २१. हाही वाढतो, पण किती? टॉवेलांच्या आकड्यांच्या वर्गांची बेरीज अ साठी ६, ब १, क ३, ड ११. सगळ्यात मोठी ११. दुरुस्तीत लांबीचा वर्ग ११ पेक्षा जास्त वाढूच शकत नाही. ड च्या वेळी बघा: ११ मिळायला हवे होते, पण ९ वरून १४ झाले, वाढ फक्त ५. उरलेले ६ कुठं गेले? (प + फ) चा वर्ग आठवा, मधलं दोन प फ हे पद. इथं ते पद म्हणजे यंत्राला आलेल्या बेरजेची दुप्पट, टॉवेल सेकंड असेल तर उणे चिन्हानं. यंत्र चुकलं होतं, म्हणून ते मधलं पद ऋण किंवा शून्यच असणार. इथं ते −६ आहे. दुरुस्ती फक्त चुकीच्या वेळीच करायची हा नियम आहे, म्हणून मधलं पद कधी धन होत नाही. सगळी सिद्धता या एका जागेवर उभी आहे. इथं घाई करू नका.

आता दोन्ही रकाने एकत्र. कितीही चुका झाल्या तरी पहिला आकडा निदान तेवढा, आणि लांबीचा वर्ग फार तर चुकांच्या ११ पट. पण पहिल्या आकड्याचा वर्ग हा लांबीचा वर्ग गुणिले आदर्श गुणकांच्या लांबीचा वर्ग (तो ३) यापेक्षा मोठा असूच शकत नाही (याला कोशी-श्वार्ट्झ असमानता म्हणतात). म्हणून चुकांचा वर्ग फार तर ३३ गुणिले चुका. म्हणजे चुका फार तर ३३. टॉवेल कुठल्याही क्रमानं आणा, फेऱ्या कितीही मारा, चौतिसावी चूक होणार नाही. आपल्याला पाचच लागल्या, पण ३३ हा आकडा यंत्र सुरू करण्याआधी सांगता येत होता.

ही हमी एका अटीवर आहे: आदर्श गुणक असले पाहिजेत. नसतील तर काय होतं, तेही वहीत पाहा. एक डिझाइन समजा: उभा धागा रंगीत असावा किंवा आडवा, दोन्ही रंगीत नकोत आणि दोन्ही सफेदही नकोत. रंगीत म्हणजे १, सफेद म्हणजे ०. (०, ०, १) सेकंड, (१, ०, १) फ्रेश, (०, १, १) फ्रेश, (१, १, १) सेकंड. याच क्रमानं चालवा. पहिला: चूक, गुणक (०, ०, −१). दुसरा: चूक, (१, ०, ०). तिसरा: बेरीज ०, चूक, (१, १, १). चौथा: बेरीज ३, चूक, गुणक (०, ०, ०). पाटी कोरी. पुढची फेरी हुबेहूब अशीच, आणि त्यापुढचीही.

दुसरे कुठले गुणक चालले असते का? नाही, आणि तेही दोन बेरजांत दिसतं. गुणक क, ख, ग धरा. फ्रेश असलेल्या दोघांची बेरीज क + ख + २ग, ती शून्याच्या वर हवी. सेकंड असलेल्या दोघांची बेरीजही क + ख + २ग, ती शून्याच्या खाली हवी. एकच आकडा दोन्हीकडे कसा असेल? मार्विन मिन्स्की आणि सेमूर पॅपर्ट यांनी १९६९ मध्ये अशा मर्यादांवर अख्खं पुस्तक लिहिलं. यातून सुटायला मध्ये अशाच गुणकांचा आणखी एक थर लागतो. तो थर शिकवायची रीत रुमेलहार्ट, हिंटन आणि विल्यम्स यांच्या १९८६ च्या लेखानंतर सगळीकडे रुळली. तिथं मात्र ३३ सारखी सरळ हमी मिळत नाही, म्हणून मी मुलांना आधी इथंच थांबवते.

एक काम राहिलं. पहिले चार टॉवेल उलट क्रमानं चालवा: ड, क, ब, अ. तीनच चुका होतात आणि गुणक येतात (१, −२, १). चारही टॉवेल बरोबर. आता पाचवा टॉवेल आणा: वजन १, खोटी २, म्हणजे (१, २, १). आधीचे गुणक (४, −२, १) सांगतात बेरीज १, फ्रेश. नवे सांगतात −२, सेकंड. दोन्ही यंत्रं त्याच चार टॉवेलांवर शिकली, दोन्हींची हमी तीच, आणि पाचव्यावर दोघांचं भांडण. नोविकॉफ यांची सिद्धता दाखवलेल्या टॉवेलांबद्दल बोलते, न दाखवलेल्याबद्दल एक अक्षरही बोलत नाही. कुठलंही मॉडेल, म्हणजे असं शिकलेलं यंत्र, हातात आलं तर ‘दाखवलेल्यावर बरोबर’ आणि ‘न दाखवलेल्यावर बरोबर’ ही दोन वाक्यं वेगळी ठेवून वाचा.

आलेखावर (४, −२, १), (१, −२, १) आणि (१, −१, १) यांच्या तिन्ही रेषा, म्हणजे जिथं बेरीज ० येते त्या, काढा, आडव्या अक्षावर वजन, उभ्यावर खोटी. फ्रेश आणि सेकंड यांच्यापासून सारखं आणि जास्तीत जास्त अंतर राखणारी रेषा (१, −१, १) चीच निघते. अशी रेषा शोधणं हे सपोर्ट व्हेक्टर मशीनचं काम, आणि पुढचा पाठ तोच घ्या. पाचवा टॉवेल बरोबर त्या रेषेवर पडतो, बेरीज ०. त्याचा निवाडा आकडे करू शकत नाहीत, तो चेकिंगच्या टेबलावरच व्हायला हवा. बाईंनी तो सेकंड ठरवला असं धरा, (४, −२, १) वरून पुढे चला, आधी पाचवा आणि मग अ, ब, क, ड आणि परत पाचवा, असं सगळे बरोबर येईपर्यंत. दोन चुकांनंतर (३, −४, १) आले तर तुमचा हिशेब जुळला.